शिगोशीग

निरीक्षकांनी गजपट्टी टाकीतून दुसऱ्यांदा वर काढली, रुमालानं पुसली आणि तिसऱ्यांदा आत सोडली. तेव्हाच गीतांजलीला कळलं की काहीतरी जुळत नाही. जुळलेलं माप कोणी तीनदा घेत नाही, आणि हे गृहस्थ तर कंबरदुखीचा पट्टा बांधून आले होते.

शेड लहानच होती. मागं संत्र्याची दोनशे सत्तर झाडं, पुढं टाकळीचा रस्ता. आत स्टीलच्या दोन टाक्या, गाळणी, बाटल्या भरायचं चार तोट्यांचं यंत्र आणि पत्र्याची बुचं दाबायचं हातयंत्र. तोडणीला आलेले व्यापारी मोठा माल उचलत आणि लिंबाएवढी फळं, ज्यांना तिकडं चुरी म्हणतात, बांधावर ढीग घालून सोडून जात. त्या चुरीचा रस आंबवून गीतांजली वाइन करी. त्यासाठी तिनं अंजनगावच्या कॉलेजातली प्रयोगशाळेची नोकरी सोडली होती. गावात मात्र तिला वाइन कोणी म्हणत नसे. ‘श्यामच्या बायकोची दारू’ म्हणत, आणि पाहुण्यांना वास द्यायला घेऊन येत.

निरीक्षक स्टुलावर बसले. रजिस्टर मांडीवर घेऊन त्यांनी बेरीज केली. ती गीतांजलीनं उभ्या उभ्या मनात आधीच केली होती.

“जानेवारीत गाळून झाल्यावर टाकीत नऊशे लिटर. माझीच सही आहे. भरलेल्या बाटल्या अकराशे पन्नास. पाऊण लिटरनं आठशे साडेबासष्ट. तळाला आता बारा. बाकीचे साडेपंचवीस लिटर कुठं आहेत, बाई?”

“टाकी बंद असते. उडून जाणार नाही.”

“तेच म्हणतो मी.”

“तेव्हा थंडी होती, आता ऊन आहे. तापमानानं…” ती बोलता बोलता थांबली. उन्हानं द्रव वाढतो. म्हणजे उलट थोडी जास्तच भरायला हवी होती.

निरीक्षकांनी मान हलवली. त्यांचा आवाज चढला नाही, हेच तिला जास्त लागलं. “साडेपंचवीस लिटर म्हणजे चौतीस बाटल्या. कारण सापडलं तर लेखी द्या. नाही तर कर न भरता विकली असं धरावं लागतं. त्यावर कर, वर दंड, आणि रजिस्टरात शेरा. शेरा पडला की परवान्याचं नूतनीकरण वर जातं.”

“वर म्हणजे?”

“वर म्हणजे माझ्या हातात नाही. परवाना एकतीस मार्चला संपतो. मी वीस तारखेला येतो.”

त्या दिवशी बारा तारीख होती. एक एप्रिलला परवाना नसला तर शेडमध्ये एक संत्रं पिळता येणार नव्हतं, आणि मृगाच्या बहाराची चुरी तर आत्ताच पडायला लागली होती.

गीतांजलीचा पहिला संशय नवऱ्यावर गेला. श्याम अमरावतीला माल पोचवी. सहाशे चाळीस बाटल्या त्यानं तिथं नेल्या होत्या, बहुतेक राजापेठेतल्या एका दुकानात आणि दोन हॉटेलांत. दुकानदार खूश राहावा म्हणून चार-दोन बाटल्या वर ठेवून येणं त्याच्या स्वभावात बसणारं होतं. संध्याकाळी तो चहा घेत ओट्यावर बसला तेव्हा ती दारात उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली.

“मले काहून पाहून राहिली?”

“दुकानात फुकट किती दिल्या?”

“फुकट?” श्यामनं कप खाली ठेवला. “तिथं इकत घ्याले लोक तयार नाहीत अन् फुकट कशाले देऊ? दुकानदार म्हणते, दोनशे ऐंशीची संत्र्याची बाटली कोण घेईन, त्याच्या खालीच मोठ्या कंपनीची द्राक्षाची दोनशे चाळीसले ठेवली आहे.”

तो भाव ठरवताना जानेवारीत घरात आठ दिवस वाद झाला होता. बाटली, बूच, फळ, वीज, दुकानाचं कमिशन, लिटरमागचा कर. शिवाय लेबलाच्या नोंदणीचे पैसे बारा लाख बाटल्या करणाऱ्यालाही तेवढेच आणि अकराशे करणाऱ्यालाही तेवढेच. गीतांजलीनं ते वाटून पाहिले तर बाटलीला अठरा रुपये आले. दोनशे ऐंशीच्या खाली एक रुपया उतरता येत नव्हता. सासरे, नत्थुजी, त्या वेळी भिंतीला टेकून ऐकत होते. शेवटी म्हणाले होते, “पाऊण लिटरचे दोनशे ऐंशी? एवढ्यात तं दहा किलो संत्रा येते, बाप्पा. लोक काय म्हणतीन आपल्याले?” 

“बाटल्या मोजून नेतो, मोजून देतो,” श्याम म्हणाला. “पावत्या पाह्य. अन् बाटल्या बरोबरच आहेत ना तुह्या? कमी तं टाकीतली झाली. टाकीजवळ कोण रायते?”

टाकीजवळ तिघं राहत. गीतांजली, बूच दाबायला नत्थुजी आणि भरायला चंदा.

“चंदाचा नवरा काय पेते, सांगू का तुले?” श्याम म्हणाला.

सांगायची गरज नव्हती. पुंजाराम दिवसाआड पिऊन पडे हे सगळ्या टाकळीला ठाऊक होतं. चंदा दोन वर्षांपासून कामाला होती. हात स्वच्छ, बोलणं कमी, यायची वेळ घड्याळासारखी. गीतांजलीनं त्या रात्री अठ्ठावीस दिवसांचे भरण्याचे कागद काढले. साडेपंचवीसला अठ्ठावीसनं भागलं. दिवसाला नऊशे दहा मिलिलिटर. एका पाण्याच्या बाटलीएवढं. आकडा इतका बेतशीर बसला की तिला तो पुरावाच वाटला.

दुसऱ्या दिवसापासून ती बघू लागली. चंदा आली की पिशवी कुठं टांगते, पाणी प्यायला बाहेर किती वेळा जाते, तोटी बंद केल्यावर हात कुठं पुसते. भरणं संपलं होतं, आता बाटल्यांना लेबलं लावून मानेवर गळपट्टी चढवायचं काम चालू होतं. गरम हवेच्या पंख्यासमोर बाटली धरली की प्लास्टिकची पट्टी आक्रसून मानेला घट्ट बसे. चंदाच्या बोटांची टोकं त्या झळेनं लाल झाली होती. ती मान वर न करता काम करी आणि गीतांजलीची नजर पाठीवर जाणवली की पदर सारखा करी.

तिसऱ्या दिवशी सुटीच्या वेळी गीतांजली दारात आडवी उभी राहिली.

“चंदा, पिशवी दाखव जरा.”

चंदाला आधी कळलंच नाही. “कोणती पिशवी, वयनी?”

“तुझी.”

नत्थुजी हातयंत्राला तेल देत होते. त्यांनी वर पाहिलं. चंदानं पिशवी खांद्यावरून काढली, स्टुलावर ठेवली. आत जेवणाचा डबा, तंबाखूची पुडी, एक जुनी प्लास्टिकची पाण्याची बाटली.

“डबा उघड.”

डब्यात भाकरीचा तुकडा आणि वाळलेलं पिठलं. गीतांजलीनं पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवलं आणि नाकाशी नेलं. पाणीच होतं, उन्हानं तापलेलं. प्रयोगशाळेत वीस वर्षांत हजारो बाटल्या तिनं अशाच हुंगल्या असतील, पण हात इतका जड कधी झाला नव्हता.

“झालं?” चंदानं विचारलं.

“सगळ्यांचंच बघणार आहे मी. साहेबांनी सांगितलंय.” साहेबांनी असं काही सांगितलं नव्हतं.

“हाव. आबाजीची बंडी पाहून घ्या मंग,” चंदा नत्थुजींकडे हात करून म्हणाली. पिशवी खांद्याला लावून ती गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

“पाह्यलं?” श्याम म्हणाला. “खरी असती तं आली असती.”

गीतांजलीलाही तसंच वाटलं. वाटलं म्हणजे वाटून घेतलं.

सतरा तारखेला ऊन एकदम चढलं. दुपारी शेडच्या पत्र्याखाली एकोणचाळीस अंश. गीतांजली खोक्यांवर ओली पोती टाकत होती, तेवढ्यात तिसऱ्या ओळीतून टप्प असा आवाज आला. पुठ्ठ्यावर एक पिवळा डाग पसरत होता. तिनं खोकं फोडलं. एका बाटलीचं बूच एका कडेनं उचललं गेलं होतं आणि गळपट्टीखालून वाइन झिरपत होती. शेजारच्या बाटलीचंही बूच फुगलं होतं.

आंबणं तर केव्हाच संपलं होतं, साखर तिनं स्वतः मोजली होती. मग बूच कशानं उचललं? तिनं ब्लेडनं तिसऱ्या बाटलीची गळपट्टी कापली आणि बाटली उजेडात धरली. काच गर्द तपकिरी. तिनं बाटली उलटी केली. पोकळी असती तर बुडबुडा वर पळाला असता. कुठंच काही हललं नाही.

मानेत दोन बोटं पोकळी ठेवायची, उन्हात द्रवाला फुगायला जागा लागते. यंत्र तिनं तसंच लावलं होतं. सातशे पन्नासला तोटी आपोआप बंद होते. तिनं मोजनळी काढली, बाटली सावकाश ओतली, डोळा रेघेच्या पातळीवर आणला.

सातशे बहात्तर.

दुसरी. सातशे एकाहत्तर. तिसरी, चौथी. सातशे बहात्तर, सातशे त्र्याहत्तर. बावीस मिलिलिटर गुणिले अकराशे पन्नास. हे गणित करायला तिला कागद लागला नाही, पण तिनं कागदावर केलं, सावकाश, प्रत्येक आकडा वेगळा लिहून. पंचवीस लिटर तीनशे मिलिलिटर.

नत्थुजी घराच्या पडवीत सूत वळत बसले होते. तिनं मोजनळी त्यांच्यासमोर ठेवली.

“मामाजी, बूच लावायच्या आधी बाटलीत काही टाकत होते का तुम्ही?”

“टाकत होतो ना,” नत्थुजी सहज म्हणाले. “पळीभर.”

“कशाला?”

“अवं, ते यंत्र मान रिकामी सोडते. दोनशे ऐंशी रुपये मोजून घेणारा माणूस बाटली पाहीन अन् म्हणन, पाहा, टाकळीच्या नत्थुजीनं माप मारलं.” त्यांनी सूत मांडीवर ठेवलं. “माह्या बापानं खळ्यावर कधी सपाट पायली देल्ली नाही. शीग लावून द्याची. दाणे घरंगळून खाली पडले पायजे, तवा माप झालं. सपाट माप दुकानात. म्या चंदाले जग भरून मागतला, पळीनं शिगोशीग करत गेलो. तुले माहीत नव्हतं?”

“कोण सांगणार होतं मला?”

“गळपट्टी तं तूच लावून राहिली होती.”

भरण्याच्या दिवसांत ती पंख्याशी, त्या दोघांकडे पाठ करून, पट्ट्या चढवी, पण काचेत डोकावायची गरज तिला वाटली नव्हती. यंत्रावर विश्वास होता. तिनं विचारलं, “चंदाची पिशवी पाहिली, तेव्हा तुम्ही तिथंच होते. बोलले का नाही?”

म्हाताऱ्याचा चेहरा हळूहळू बदलला. “तू थे ह्याच्यासाठी पाह्यली? मले वाटलं, पैशाचं काही असन.” मग सूत मांडीवरून खाली ठेवून, “अरे, माह्या पळीसाठी त्या बाईचा डबा उघडला तुनं?”

श्यामनं निरीक्षकांना फोन लावला आणि गीतांजलीच्या हातात दिला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “शक्य आहे,” ते म्हणाले. “मी पाच बाटल्या माझ्या हातानं काढून मोजीन. जास्त भरलेल्या निघाल्या तर गेलेल्या मालाच्या जादा लिटरांचा कर आणि साधा दंड. उरलेल्या माझ्यासमोर लेबलाप्रमाणे करायच्या. आणि भरणाऱ्याचा जबाब लागेल. तुमच्या रोजच्या कागदावर भरणारी म्हणून चंदा पुंजाराम असं नाव आहे.”

“भरलं सासऱ्यांनी. त्यांचा जबाब देते.”

“घरच्या माणसाचा जबाब घरच्या बाजूनंच असतो, बाई. कागदावर नाव आहे तिचा आणा.”

चंदा दर्यापूरच्या रस्त्याला एका शेतात हरभरा सोंगत होती. सकाळचे दहाच वाजले होते तरी जमीन पायाला चटका देत होती. सहा बायका ओळीनं वाकलेल्या. हरभऱ्याच्या आंबेनं, पाल्यावरच्या आंबट दवानं, हात पोळतात म्हणून सगळ्यांनी बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. गीतांजली बांधावरून आत आली, तसं बायकांचं बोलणं थांबलं.

“चंदा, दोन मिनिटं ये.”

“इथंच बोला. माही पात मागं राहीन.” चंदाचा विळा थांबला नाही.

गीतांजली तिच्या बाजूनं वाकून चालू लागली. एक रोप उपटलं तर हाताला झणझणलं. “कळलं मला, वाइन कुठं गेली ते. मामाजी पळीनं भरत होते.”

“हाव. जग मीच भरून देत होती.”

“मग तू मला सांगितलं का नाही?”

चंदा आता उभी राहिली. कमरेवर हात ठेवून तिनं पाठ सरळ केली. बाकीच्या बायका खाली बघत होत्या, पण एकीचाही विळा चालत नव्हता.

“तुमी इचारलं कुठी? तुमी पिशवी पाह्यली. इचारलं असतं तं तिथल्या तिथं सांगतलं असतं. मले वाटलं, मालकीण आहे, शिकली आहे, तिले माहीत असन आपल्या घरचं.”

“चुकलं माझं.”

“लय बारीक आवाजात चुकलं,” पलीकडची एक म्हातारी म्हणाली आणि दोघी-तिघी हसल्या.

गीतांजलीचे कान तापले. “चुकलं माझं,” ती मोठ्यानं म्हणाली. मग पुढचं बोलणं भाग होतं आणि तेच सगळ्यात वाईट होतं. “वीस तारखेला साहेब येणार आहेत. तुझी सही लागते. नाही तर परवाना जाईल.”

चंदानं विळ्याची मूठ पदराला पुसली. “म्हंजे सहीसाठी आल्या.”

“दोन्हीसाठी.”

“आधी कोणतं आठवलं?”

गीतांजलीनं आणखी एक रोप उपटलं. चंदा पुन्हा वाकली. चार रोपं कापून झाल्यावर म्हणाली, “येते मी. आबाजीनं कधी मले अर्धा कप चहा देल्ला नाही, भरूनच देल्ला. पण कागदावर चुकून भरलं असं लिहीन नाही. चुकून नाही भरलं. सांगतल्यावरून भरलं. अन् चंदानं नेलं नाही, हे तुमी तुमच्या हातानं लिहाल. अन् वीस तारखेची रोजी पुरी.”

वीस तारखेला निरीक्षक सकाळी लवकरच आले. त्यांनी खोक्यांतून पाच बाटल्या निवडल्या, आपल्याच मोजनळीनं मोजल्या. चंदानं जबाब सांगितला, त्यांनी तो लिहून घेतला. खाली गीतांजलीनं आपल्या अक्षरात लिहिलं : तुटीशी कामगार चंदा पुंजाराम यांचा संबंध नाही, त्यांच्यावर घेतलेला संशय चुकीचा होता. निरीक्षक वाचून म्हणाले, “दुसऱ्या वाक्याची गरज नाही.”

“असू द्या, साहेब,” चंदा म्हणाली. “संशय घेतला होता, तं लिहू द्या.”

त्यांनी असू दिलं. शेऱ्याच्या जागी ‘तुटीचे कारण आढळले’ असं लिहिलं. नूतनीकरणाचा अर्ज ते सोबत नेणार होते. पण आधी शिल्लक पाचशे दहा बाटल्या सारख्या करायच्या होत्या.

सकाळी साडेनऊला चौघं बसले. गळपट्टी कापायची, बूच काढायचं, जनावरांना औषध पाजायच्या मोठ्या सिरिंजला नळी लावून बावीस मिलिलिटर ओढायचं, डब्यात सोडायचं, नवं बूच दाबायचं. श्याम बुचं काढी, चंदा ओढी, गीतांजली नवी गळपट्टी चढवी. नत्थुजींना कोणी बसायला सांगितलं नव्हतं, पण ते हातयंत्राशी येऊन बसले.  प्रत्येक बाटली पुढ्यात आली की मानेतल्या रिकाम्या जागेकडे बघत आणि बूच दाबत.

मग चंदाचा अंगठा सिरिंजनं सोलला, तशी त्यांनी ती मागून घेतली आणि स्वतः ओढायला लागले. एकदाही रेघ चुकली नाही.

“तुमी राहू द्या, बाबा,” श्याम म्हणाला.

“भरलं म्या. काढाले दुसऱ्याले काहून लावू?” सिरिंजमधली पिवळी धार डब्यात पडली. “एवढे दिवस साडेपंचवीस लिटर चोरी गेलं म्हणून सारे एकमेकाच्या तोंडाकडं पाहून राहिले होते. तवा चोरी नव्हती. आता होऊन राहिली, साहेबाच्या समोर, अन् माह्या हातानं.”

निरीक्षक खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

दुपारी जेवायला थांबले तेव्हा गीतांजलीनं चंदाला आत बोलावलं. ती आली नाही, संत्र्याच्या झाडाखाली बसून जेवली. चार वाजता शेवटच्या बाटलीवर बूच बसलं. चौघांच्याही बोटांना आंबट चिकटा आला होता आणि फरशीवर पाय चिकटत होते. निरीक्षकांनी डब्यातली वाइन मोजून टाकीत परत ओतायला सांगितली, आकडा लिहिला, गीतांजलीची सही घेतली आणि नूतनीकरणाचा अर्ज बॅगेत घालून गाडीकडे गेले. श्याम त्यांना पोचवायला गेला. नत्थुजी हातयंत्र पुसत बसले.

गीतांजलीनं रजिस्टर बंद करण्याआधी सवयीनं बोट आकड्यावर ठेवलं. पाचशे दहा बाटल्या, बावीस मिलिलिटर. अकरा लिटर दोनशे वीस यायला हवे होते. डब्यात निघाले होते अकरा. साहेबांनी त्याकडे लक्षही दिलं नव्हतं. बाटलीमागे अर्धा मिलिलिटरही नाही.

दोनशे वीस मिलिलिटर.

तिची नजर वर गेली. ती जाणार हे तिला स्वतःला कळायच्या आधी गेली. दारात चंदा चपला घालत होती. एक पाय चपलेत, एक बाहेर, पिशवी खांद्यावर. तिनं ती नजर पाहिली. पिशवीवर गेलेली आणि घाईनं परत फिरलेली.

“ते फरशीवर सांडलं आहे, वयनी,” चंदा म्हणाली आणि दुसरी चप्पल पायात सरकवली. “उद्या पुसाले दुसरी पाहा.”